शून्य केले

४ नोव्हेंबर, शुक्रवार

काल मंडळाच्या बैठकीत मला खजिनदार केलं. केलं म्हणजे काय, अध्यक्षताईंनी "कोण होणार" विचारल्यावर सगळ्या जणी मान खाली घालून आपापली नखं बघत बसल्या आणि मी एकटी समोर बघत होते. घरोघरी जाऊन आजारी माणसांचं करणाऱ्या चौसष्ट बायांचं आमचं रुग्णसेविका मंडळ, आणि त्यात यांना चौथी शिकलेली मीच सापडले. अध्यक्षताई म्हणाल्या, तुला कुणी फसवू शकत नाही. खरं आहे. पण मला बेरीज फसवते, त्याचं काय?

ही डायरी आजोबांच्या मुलाने दिली. आजोबा म्हणजे माझे सध्याचे पेशंट. दुपारी दोन ते चार झोपतात, तेव्हा लिहीन. मंडळाच्या वहीत नुसते आकडे लिहायचे असतात. तेवढ्याने माझं पोट भरणार नाही.

आधीच्या खजिनदार मोठ्याबाई. मंडळ त्यांनीच उभं केलं आणि अकरा वर्षं हिशेबही त्यांनीच ठेवला. मला काम शिकवलं तेही त्यांनीच. ऑगस्टमध्ये त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. एकच शब्द उरलाय, "पुरे". पाणी हवं असलं तरी पुरे, नको असलं तरी पुरे. मूलबाळ नाही. मंडळातल्या बायाच पाळ्या लावून फुकट त्यांचं करतात. माझी पाळी नाही, मला रविवार सोडला तर सुट्टी नसते आणि रविवारी माझ्या घराचं कोण करणार?

७ नोव्हेंबर

कपाट उघडलं. एक पत्र्याची पेटी, अकरा वह्या, पावत्यांचा खिळा आणि बंद पडलेला पंखा. वही उघडली आणि हसूच आलं. मोठ्याबाईंनी हिशेब ठेवलाय तो पेशंटच्या तक्त्यासारखा. डावीकडे "आत", उजवीकडे "बाहेर". आपण पेशंटने किती पाणी प्यायलं आणि किती लघवी झाली ते लिहितो ना, तसंच. वर्गणी आत, भाडं बाहेर. पहिल्या पानावर वर लिहिलंय, जेवढं आत तेवढं बाहेर, राहिलं की सूज.

बरोबरच आहे. आमची संस्था ना नफा. वर्षअखेर काही उरता कामा नये, नाहीतर सरकार नोंदणी काढून घेतं. हे आम्हाला सगळ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत आहे. नोंदणी करताना खिडकीतल्या माणसानेच सांगितलं होतं, बायांनो, ना नफा लिहून देताय, लक्षात ठेवा.

तक्ता असल्यामुळे मला वही वाचता येते. हे एक बरं झालं.

९ नोव्हेंबर

आजोबांना तपासणीला मोठ्या दवाखान्यात नेलं. दारात चाकाच्या खुर्च्यांची रांग. बसवलं एकीत, तिचं डावं चाक कुरकुरत होतं. आमच्याकडच्या बाया म्हणतात, दवाखान्याच्या खुर्च्यांत ज्यांच्या पाठीवर लाल गोल असतो त्या घ्याव्यात, त्या कमी त्रास देतात. कंपनी चांगली असेल. मला घाई होती, मिळेल ती घेतली आणि पस्तावले.

तिथेच कार्यालयातल्या साहेबांनी गाठलं. म्हणाले, तुमच्या मंडळाला पत्र टाकलंय, मिळालं का?

१० नोव्हेंबर

मिळालं. आजोबांकडून वाचून घेतलं, कारण भाषा अशी की जिभेला गाठ पडावी. अर्थ एवढाच. मोठा दवाखाना पेशंटला घरी सोडताना सेविकांची यादी देतो, त्या यादीत आमचं मंडळ आहे. नव्या वर्षापासून यादीत राहायचं असेल तर मंडळाच्या खात्यात तीन महिन्यांच्या खर्चाएवढी शिल्लक दाखवा. आमचा महिन्याचा खर्च दहा हजार. म्हणजे तीस हजार, एकतीस डिसेंबरच्या आत.

चौसष्टपैकी पन्नास जणींना काम मिळतं ते त्या यादीतून. खात्यात आज आहेत दोन हजार एकशे दहा.

१३ नोव्हेंबर, रविवार

बाल्कनीत ह्यांना बसवून बेरजा करून घेतल्या. हे लिफ्ट दुरुस्त करतात, आकडेमोड माझ्यापेक्षा बरी. सासूबाईंची चालायची चौकट टॉवेल वाळत घालायला ठेवलीय, तिच्यावर वही टेकवली. चौकटीवर लाल डाग दिसला, घासला, जाईना. टॉवेलचा रंग उतरला असेल, आता नवे टॉवेल असेच येतात.

तर बेरजा. दर वर्षी काही ना काही उरलंय. कधी पाच हजार, कधी अकरा. आणि दर वर्षी एकतीस डिसेंबरला मोठ्याबाईंच्या अक्षरात एकच ओळ. "शिल्लक अमुक. शून्य केले." पुढे एक लाल गोल. शाईचा नाही, जाड आहे, बोट फिरवलं तर लागतो. पावती नाही, कुणाचं नाव नाही. अकरा वर्षं, अकरा वेळा शून्य केले. हे म्हणाले, एकूण चौऱ्याऐंशी हजार नऊशे.

मी म्हटलं, शून्य केले म्हणजे कुठे केले?

हे म्हणाले, "तुझ्या मोठ्याबाईंना विचार." मग स्वतःच जीभ चावली.

१६ नोव्हेंबर

हिशेब तपासनीस बदललाय. आधीचा म्हातारा वहीवर चहाचा कप ठेवून सही करायचा. हा नवा तरुण, कायम सर्दी झालेला. त्याने वही पाहिली आणि रुमाल खिशात घालायचा विसरला. दर वर्षी सगळे पैसे संपवले का, म्हणून त्याने विचारलं. मी म्हटलं, संपवायलाच हवेत ना, ना नफा आहे.

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी पेशंटला उलटं अंथरुणावर झोपवलंय.

"बाई, ना नफा म्हणजे उरलेलं कुणी वाटून घ्यायचं नाही. उरूच नये असं कुठे आहे?"

तीनदा विचारलं. तिन्ही वेळा तेच म्हणाला. अकरा वर्षं आम्ही चौसष्ट जणी एका खिडकीतल्या माणसाच्या एका वाक्यावर जगलो. मोठ्याबाईंनी ते साठवलं असतं तर आज तीस काय, ऐंशी हजार दाखवता आले असते.

पण मी रस्ताभर दुसराच विचार करत आले. चुकीने का होईना, संपवले, तर कशावर संपवले? मंडळाच्या खोलीत पंखासुद्धा फिरत नाही.

१८ नोव्हेंबर

अध्यक्षताईंकडे गेले. त्या निवृत्त परिचारिका, बोलणं साखरेत घोळलेलं. म्हणाल्या, अगं, आता त्या आजारी बाईला काय विचारायचं, जाऊ दे. मी म्हटलं, जाऊ दे म्हणायला चौऱ्याऐंशी हजार काही वारा नाही. वार्षिक सभेत मी हे मांडणार आणि तक्रारही करणार. ताई म्हणाल्या, तू शब्द जपून वापर. मला शब्द जपून वापरता येत असते तर मी माझ्या दुसऱ्या पेशंटच्या सुनेकडून अजून पगार घेत असते.

खाली उतरताना जिन्यात आमच्या पाच-सहा बाया भेटल्या. त्यांना सांगितलं. चोर हा शब्द वापरला. आवाज चांगला मोठा लागला होता.

२२ नोव्हेंबर

मोठ्याबाईंकडे जाणाऱ्या तिघींनी पाळी सोडली. एकीचं म्हणणं, आमच्या वर्गणीवर चैन केली, आता आम्ही फुकट का पुसायचं? आपणच लावलेली काडी, आपण काय बोलणार? पण मनात म्हटलं, बरोबरच आहे की. आधी हिशेब, मग सेवा.

२५ नोव्हेंबर

मोठ्याबाईंच्या भाच्याचा फोन अध्यक्षताईंना आला. तो त्यांच्या खोलीचं भाडं भरतो आणि महिन्यातून एकदा दारात उभा राहून जातो. त्याला कळलंय पाळ्या मोडल्याचं. म्हणाला, तुम्ही येणार नसाल तर नवीन वर्षात आत्याला संस्थेत टाकतो. मला ती संस्था माहीत आहे. तिथे सहा महिने काम केलंय मी. चाळीस खाटा आणि दोन बाया. कूस बदलायची पाळी दिवसातून एकदा. अंगाला जखमा होतात, मग त्या जखमाच माणसाला घेऊन जातात.

रविवारची पाळी मी घेतली. कुणी उपकार समजू नये. मला समोर बसून विचारायचंय.

२७ नोव्हेंबर, रविवार

तळमजल्यावरची एक खोली, खिडकीतून जिन्यावरून जाणाऱ्यांचे पाय दिसतात. मोठ्याबाई अर्ध्या राहिल्यात. डावा हात चालतो, डोळे चालतात. मला पाहून म्हणाल्या, पुरे.

अंग पुसलं, केस विंचरले, भरवलं. कूस बदलताना एक हात खांद्याला, एक कमरेला, त्यांनीच शिकवलेलं. मग वही उघडून समोर धरली. शून्य केले वर बोट ठेवलं आणि विचारलं, हे पैसे कुठे गेले, मोठ्याबाई? वहीकडे बघून त्यांचा चेहरा असा उजळला, जशी मी नातवंडं दाखवलीत. डावं बोट त्या लाल गोलावर ठेवलं, फिरवलं. पुरे, पुरे, पुरे.

लाज म्हणून नाहीच. मला इतका राग आला की मी चमचा आपटला.

नेलकटर शोधायला खण उघडला तर आत लाल नेलपॉलिशची बाटली, अर्धी वाळलेली. बाई गं! आमच्या कामात नखं कापलेली आणि बिनरंगाची हवीत, हा पहिला नियम. पहिल्या दिवशी मी बहिणीच्या लग्नाचा रंग नखांवर घेऊन आले होते तर याच बाईने स्पिरिटच्या बोळ्याने माझी दहाही बोटं खरवडली होती. आणि स्वतः घरी बसून लाल रंग लावायची? म्हातारी शौकीन निघाली. चौऱ्याऐंशी हजारांतले काही कुठे गेले ते तरी कळलं.

बाटली परत ठेवली. नखं कापून दिली. स्वच्छ, पिवळट, एका नखालाही कधी रंग लागल्यासारखा वाटला नाही.

४ डिसेंबर, रविवार



सकाळी भांडं दिलं, म्हणजे खाटेवर बसवायचं स्टीलचं भांडं. धुवायला नेलं, उलटं केलं. बुडावर लाल गोल. कोपरा उडालेला. मी अंगठा फिरवला आणि तो अंगठ्याला लागला, अगदी वहीत लागतो तसा.

भांडं हातात घेऊन मी न्हाणीत उभी राहिले. नळ चालूच होता. मग खाटेखाली वाकून पाहिलं. हवेच्या गादीच्या पंपावर गोल. कोपऱ्यातल्या चाकाच्या खुर्चीच्या पाठीवर गोल. मग एकेक आठवत गेलं. दवाखान्याच्या दारातली खुर्ची. कुठल्या तरी घरातला पाण्याचा पेला, नळी असलेला. माझ्या आधीच्या पेशंटचा कमोड. आणि आमच्या बाल्कनीतले टॉवेल.

खोलीत येऊन मी विचारलं, हे सगळं तुम्ही घेतलंत? दर वर्षअखेर?

त्यांनी डाव्या हाताने हवेत एक गोल काढला. पुरे.

घरी आले ती थेट बाल्कनीत. सासूबाईंच्या चौकटीवरचे टॉवेल काढून खाली फेकले. हे चहा पीत होते. चौकट उजेडात नेली. गोल, नीट, गुळगुळीत. मग आठवलं. सहा वर्षांपूर्वी सासूबाई पडल्या तेव्हा तिसऱ्या दिवशी मोठ्याबाई स्वतः ही चौकट खांद्यावर टाकून जिना चढून आल्या होत्या. कुठून आणली मी विचारलं नाही. त्या म्हणाल्या होत्या, "वापर, झालं की दे गं." सासूबाई जाऊन चार वर्षं झाली.

आपलं ठेवायचं झाकून, दुसऱ्याचं बघायचं वाकून. माझी आई माझ्याकडे बघूनच ही म्हण म्हणायची.

हे म्हणाले, टॉवेल आता कुठे वाळत घालायचे? मी फडकं ओलं करून चौकट पुसायला घेतली.

६ डिसेंबर

नळाच्या चौकाजवळ एक सायकलवाला आहे, चाकाच्या खुर्च्याही दुरुस्त करून विकतो. आमच्या बाया म्हणाल्या, मोठ्याबाई तिथे जायच्या. आजोबांना त्यांच्या मुलाकडे सोपवून तासाभराची रजा घेतली.

सायकलवाला ओळखतो म्हणाला. दर वर्षाच्या शेवटच्या दिवशी यायच्या, पदराच्या गाठीत रोकड. म्हणायच्या, एवढे आज संपवायचेत, काय काय येतं दाखव. घासाघीस अशी करायच्या की मी पुढच्या वर्षी दुकान बंद ठेवायचं ठरवायचो. कधी शंभर उरले तर शंभराचे पेले घ्यायच्या. पावती का दिली नाहीस, विचारलं. म्हणाला, मागितलीच नाही, पण माझ्या वहीत आहे.

त्याची वही तेलकट. आम्ही दोघं दुकानाच्या पायरीवर बसलो आणि तो वाचत गेला, मी लिहीत गेले. खुर्च्या, चौकटी, कमोड, दोन गाद्या पंपासकट, काठ्या, भांडी. पेले सोडून सत्तावन्न वस्तू. बेरीज त्याने केली, मी केली, परत त्याने केली. चौऱ्याऐंशी हजार नऊशे.

नेलपॉलिश तेवढं त्यांच्या पदरचं.

८ डिसेंबर

तपासनीसाला सांगितलं. त्याने या वेळी रुमाल नीट खिशात ठेवला. म्हणाला, ही मालमत्ता आहे, वहीत घेऊ. पण दवाखान्याला खात्यात पैसे हवेत, कमोड नकोत. आणि मालमत्ता तरी आहे कुठे?

तीच तर गंमत. मोठ्याबाईंनी वस्तू मंडळात आणल्याच नाहीत. सायकलवाल्याकडून थेट ज्या घरात गरज त्या घरात. झालं की द्या. आणि कुणी दिली नाही, कारण माणूस गेल्यावर खुर्ची परत करायची आठवण कुणाला असते? ती माळ्यावर जाते. पुढे तिच्यावर टॉवेल वाळतात.

दुपारी खोलीत बायांना बोलावलं. ज्यांना जिन्यात चोर म्हणून सांगितलं होतं त्यांना आधी. सगळं सांगितलं. आवाज मुळीच लागत नव्हता. शेवटी म्हटलं, चोर माझ्या बाल्कनीत होता. एक जण फिदकन हसली आणि मग सगळ्याच हसल्या, बरं झालं, नाहीतर मी रडले असते आणि ते मला शोभत नाही.

पाळ्या परत लागल्या. मग सगळ्यांना सांगितलं, आजवर ज्या ज्या घरात काम केलंत तिथे जा, माळा बघा, जिन्याखाली बघा, लाल गोल शोधा.

१५ डिसेंबर

बत्तीस वस्तू आल्या. खोलीत पाय ठेवायला जागा नाही. एका घरात कमोडमध्ये कुंडी लावली होती, झाड चांगलं आलं होतं, ते झाडासकट मिळालं. एका म्हाताऱ्या गृहस्थाने खुर्ची दिली आणि तिच्यात बसून थोडा वेळ राहू का, विचारलं. त्यांची बायको तिच्यात बसायची. आमची बाई रिकाम्या हाताने परत आली. ती खुर्ची मी बत्तिसात धरलीय. चूक असेल तर असू दे.

हिशेब मात्र बसत नाही. वस्तू आल्या, पैसे नाहीत. महिन्याच्या भाड्याने द्यायला सुरुवात केली. वर्गणी आणि भाडं धरून, खर्च वजा जाता खात्यात चार हजार चारशे साठ. पंधरा दिवस राहिले.

१९ डिसेंबर

आज आजोबांची परत तपासणी. आजोबांना दारातच थांबवलं, त्यांना चालतं, त्यांना माणसं बघायला आवडतात. मी खुर्च्यांच्या रांगेतून एकेक पाठ बघत गेले. नऊ. नऊ खुर्च्यांवर गोल. घरातून खुर्चीत बसून पेशंट आले, दाखल झाले, परत गेले किंवा नाही गेले, खुर्च्या तिथेच राहिल्या.

नऊही ढकलत एका रांगेत कार्यालयाच्या दारासमोर नेऊन लावल्या. रखवालदार ओरडत होता. साहेब बाहेर आले. त्यांना वही दाखवली, सायकलवाल्याची यादी दाखवली, गोल दाखवला. त्यांचा अंगठा धरून गोलावर फिरवला. साहेबांना असं कुणी धरलं नसेल.

साहेब म्हणाले, या रुग्णांच्याच सेवेत आहेत, तुम्ही सेवाभावी आहात, दान समजा.

मी म्हटलं, "ना नफा आम्ही आहोत साहेब. तुम्ही नाही."

आजोबा मागून खो खो हसले. त्यांना खोकला लागला आणि मग सगळीच धावपळ.

२३ डिसेंबर

साहेबांनी बोलावलं. खुर्च्या परत नेल्या तर दाराशी पेशंट खाली बसतील, हे त्यांच्याही लक्षात आलं. नवी आठ हजारांना येते, हे त्यांच्याच खरेदीच्या माणसाच्या तोंडून निघालं. मी पाच म्हटलं, ते दोन म्हणाले, तीनला ठरलं. नऊ त्रिक सत्तावीस. मोठ्याबाई असत्या तर साडेतीन काढले असते.

२८ डिसेंबर

चेक वटला. खात्यात एकतीस हजार चारशे साठ. पासबुकाची प्रत मीच दवाखान्यात नेऊन दिली. साहेबांनी शिक्का मारला. शिक्क्याला ते बोट लावू देत नव्हते, तरी लावलं. सपाट होता.

सत्तावन्नातल्या सोळा वस्तू अजून सापडल्या नाहीत. वापरात असतील तर असोत.

३० डिसेंबर

एक गोष्ट डोक्यातून जात नाही. उद्या एकतीस. मोठ्याबाईंना तारीख कळते. कालपासून डावा हात उशीखाली घालून वही शोधतात, असं पाळीची बाई म्हणाली. त्यांना शून्य हवंय.

मी पेशंटशी खोटं बोलत नाही. डॉक्टर लपवतात, घरचे लपवतात, मला विचारलं तर मी सांगते. आणि मोजलंय तेच लिहायचं, हे तर त्यांनीच शिकवलं. मग त्यांना सांगायचं का, की ना नफ्याचा अर्थ तो नव्हताच? उरू द्यायचं होतं, आणि अकरा वर्षं तुम्ही उगाच वर्षाच्या शेवटच्या दिवशी पदराला गाठ मारून धावलात?

ह्यांना विचारलं. हे म्हणाले, तू आणि गप्प बसणार? बघू तरी कशी दिसतेस.

३१ डिसेंबर, शनिवार

अर्धा दिवस रजा घेतली. मोठ्याबाई उशीला टेकून बसल्या होत्या, केस कुणी तरी घट्ट विंचरून दिले होते. वही पाहिल्यावर हात पुढे केला.

वर्षाचं शेवटचं पान काढलं. आत, बाहेर, आणि खाली माझ्या अक्षरात शिल्लक ३१,४६०. वही त्यांच्या पुढ्यात धरली आणि अंगठा आकड्यावर ठेवला, असा, की फक्त शेवटचं शून्य दिसावं. एकच शून्य, कागदावर एकटं. मी म्हटलं, केलं बघा, मोठ्याबाई.

त्यांनी शून्याकडे पाहिलं. मग माझ्या अंगठ्याकडे. माझा अंगठा थोडा जाड आहे, त्याने निम्मं पान झाकलं होतं. डावा हात हळूहळू वर आला. मला वाटलं गोल काढतात. तो हात माझ्या अंगठ्याशी आला आणि त्यांनी तो बाजूला सारला. जोर नव्हता हातात. मीच सरकू दिला.

बराच वेळ आकडा बघत होत्या. एकेका अंकावर बोट. खिडकीतून जिन्यावरचे पाय जात होते, मी तेच मोजत बसले, दुसरं काय करणार? आता विचारतील, आणि विचारायला तर शब्दच नाही.

मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, पुरे.

मी वही मिटली, पाणी विचारलं, तर तोंड फिरवलं, म्हणजे पाणी नको होतं. कूस बदलून दिली. खणातली बाटली काढून पाहिली, झाकण घट्ट बसलंय, पण तळाशी एका गोलापुरतं ओलं आहे. सायकलवाल्याकडे एक खुर्ची दुरुस्त होऊन ठेवलीय, सोमवारी बघून येईन.